कमलबाई नावाची बाई नव्हती

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवासमोर बसून बोलायची मला सवय नाही, त्यामुळे तिथंही नाही. तुम्हाला का सांगते आहे? कारण तुम्ही मला ओळखत नाही — असं लिहिणार होते, पण ते खरं कारण नाही. खरं कारण मला माहीत नाही. शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल, म्हणून सांगते.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. परळीत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. मी सॉफ्टवेअर बनवते. मेडिकलवाले, आडतवाले, पतसंस्था, दूध केंद्रं — आमच्या भागात ज्याला जे लागतं ते. सकाळी टेबलावर बसलेली वीज केंद्राची राख पुसायची, कॉम्प्युटर चालू करायचा आणि कामाला लागायचं. पन्नाशी जवळ आली तरी यात फरक नाही. लोक म्हणतात, मॅडम कामाच्या पक्क्या आहेत. आहे मी पक्की. म्हणूनच तर हे कुणाला कळलं नाही.

पूर्वी मी कशी काम करायचे ते सांगू? चौसाळ्याला एका दूध केंद्राचं काम होतं. पहिले कितीतरी दिवस मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. सकाळी दूध येण्याच्या वेळेला जाऊन कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची. लोक कसे येतात, कॅन कुठं ठेवतात, भांडण कशावरून होतं — बघत राहायची. हळूहळू कळलं, भांडण फॅटवरून नाही, आकडा फक्त केंद्रवाल्याला दिसतो यावरून आहे. मी स्क्रीनचं तोंड गवळ्यांकडं फिरवलं. भांडणं थांबली. तेव्हा एक म्हातारे मला म्हणाले होते, "बाई, तुमी काय केलं नेमकं?" मी म्हणाले, काही नाही, टेबल फिरवलं.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं नाही.

मग ते एआय आलं. तुमच्याकडंही आलं असेल. आमच्या धंद्यात ते फार लवकर अंगवळणी पडलं. ज्या स्क्रीनला आठवडा लागायचा ती मी सकाळी सांगायची आणि जेवणाआधी तयार मिळायची. कामाला असलेली दोन माणसं मी कमी केली. वाईट वाटलं का? तेव्हा नाही वाटलं. हिशेब सरळ होता. आणि एकदा बनवणं इतकं सोपं झालं की आधी जाऊन बसणं, विचारणं — हेच सगळ्यात जड वाटायला लागलं. एका दुपारी वस्तू बनते, आणि तिच्यासाठी आठ दिवस लोकांच्या ओट्यावर बसायचं? कावून?

पुण्याच्या एका संस्थेचं काम आलं ते याच काळात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आरोग्यासाठी त्यांना ॲप हवं होतं. कल्पना चांगली होती, हे आजही म्हणते. गावात संस्थेची आरोग्यसखी बाईची नोंद करणार. मग बाई टोळीबरोबर सांगलीला जावो की कर्नाटकात, मशीन तिला फोन करणार. मराठीत, गोड आवाजात. गोळ्या घेतल्या का, तपासणी कधी आहे, जवळ दवाखाना कुठं आहे. संस्थेचे संचालक — आम्ही त्यांना सरच म्हणायचो — भला माणूस. त्यांची एकच अट होती. आधी बायकांशी बोला. वीस-बावीस जणींच्या मुलाखती घ्या, त्या लिहून द्या, त्यावरून ॲप बनवा.

मे महिना होता. टोळ्या परत आलेल्या होत्या. बायका घरोघरी होत्या. दिंद्रुडला जायला परळीहून किती वेळ लागतो? तासाभराचा रस्ता. त्या बाजूच्या वाड्या-तांड्यांवर ज्या बाईला विचारलं असतं ती बोलली असती.

मी गेले नाही.

ऊन होतं, हे खरं. दुसरी कामं होती, हेही खरं. पण मी त्यामुळे गेले नाही असं म्हणणार नाही. मी गेले नाही, कारण न जाता भागत होतं.

मी त्या एआयच्या मशीनला सांगितलं — तू बीड जिल्ह्यातली ऊसतोड बाई आहेस. वय तीस. शाळा चौथी. मुलं दोन. मी विचारते, तू उत्तर दे. आणि ती बोलायला लागली. कंबर दुखते म्हणाली. पहाटे उठून भाकरी थापून फडात जायचं म्हणाली. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या म्हणाली. यातलं काय खोटं होतं? काहीच नाही. कुठूनतरी वाचलेलं, पण खरं. तिची भाषा तेवढी पुस्तकी होती. मी तिला म्हणाले, 'आहे' नको, 'हाय' म्हण. 'खूप' नको, 'लई' म्हण. माझी स्वतःची बोली मी तिच्या तोंडात बसवली. माझ्या आईची बोली. हेही लिहून ठेवते.

अशा मी वीस-बावीस जणी तयार केल्या. नावं दिली, गावं दिली. त्यात एक कमलबाई होती. ती फार छान उतरली होती. हसून बोलायची, टोमणे मारायची. ॲपचं ऐकून म्हणाली, "मशीन फोन करतंय व्हय? बरं हाय की, मालक तर कधी इचारत न्हाईत." पुण्याच्या बैठकीत सरांनी हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले, आणि एका मॅडमनी डोळे पुसले. मी पाणी प्यायले.

आता कोयता काय ते सांगावं लागेल, बाहेरच्यांना माहीत नसतं. आमच्याकडं नवरा आणि बायको मिळून एक कोयता. टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. टोळीत नोंद कोयत्याची, बोलणं कोयत्याशी, आणि कोयत्याचा फोन नंबर एकच — नवऱ्याचा. बाईचं नाव आत कुठंतरी असतं, नंबर नसतो. सखीला एकेका घरी जाऊन नंबर जमवण्यापेक्षा मुकादमाकडून टोळीची माहिती उचलणं सोपं होतं. तसं ॲप मी बनवलं, नंबर मुकादमाच्या यादीतून आपोआप यायचा, सखीला दिसायचाही नाही. एक कोयता, एक नंबर.

बनवताना माझ्या मनात आलं. हेच मला सांगायचं आहे, बाकी सगळं याच्याभोवतीच फिरतं आहे — माझ्या मनात आलं. बाईला फोन करायचा आणि नंबर नवऱ्याचा? जमेल का हे? चौसाळ्याच्या खुर्चीवर बसणारी बाई अजून थोडी शिल्लक होती माझ्यात. तिनं बरोबर प्रश्न विचारला.

फक्त तो मी कुणाला विचारला? कमलबाईला. आणि तिच्या बरोबरच्या सगळ्यांना.

त्यांचं पहिलं उत्तर काय होतं माहीत आहे? लांबलचक होतं. बहुतेकींनी चालेल म्हटलं, पण एक-दोघी म्हणाल्या, काही गोष्टी घरी कळलेल्या बऱ्या नसतात, फोन नवऱ्याच्या हातात असतो. म्हणजे मशीनलाही ते सुचलं होतं. दोष मशीनचा नाही. मी म्हणाले, उत्तरं छोटी कर, प्रत्येकीचं एकच वाक्य ठेव, बायका ॲपला तयार आहेत असं दिसू दे. त्याबरोबर त्या दोघीही तयार झाल्या. त्या जे म्हणत होत्या ते त्यांच्या तोंडून गेलं, आणि ते गेलेलं मी पाहिलं. कमलबाईचं वाक्य राहिलं — "फोन माझ्यापशीच असतो ताई, मालकाचा मालकापशी." मी ते अहवालात ठेवलं, वरच्या बाजूला, ठळक.

टोळ्या दसऱ्यानंतर गेल्या. हंगामाच्या मध्यावर सुरेखाचा फोन वाजला. तिचा म्हणजे तिच्या नवऱ्याचा.

सुरेखा दिंद्रुडकडची. तिला दोन मुली, मोठी आठवीत, धाकटी तिसरीत. नवरा बबन, आणि घरात सगळ्यांना तिसरा मुलगाच हवा. तिनं हंगामाला निघण्याआधी ग्रामीण रुग्णालयात, मूल राहू नये म्हणून, गुपचूप तांबी बसवून घेतली होती. घरी सांगितलं होतं, अजून राहत नाही. सासूनं नवस बोललेला. हे फक्त सखीला माहीत होतं, आणि सखीनं तपासणीची आठवण राहावी म्हणून ॲपमध्ये घातलं. फोन बाईला जाईल असं तिला वाटलं. का नाही वाटणार? आमच्या माहितीपत्रकात तसंच छापलेलं होतं.

संध्याकाळची वेळ. फडाच्या कडेला कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, बायका चुलीशी, पुरुष बाहेर बसलेले. बबननं फोन घेतला आणि नेहमीप्रमाणे स्पीकर लावला. मी निवडलेला तो गोड आवाज टोळीत सगळ्यांना ऐकू गेला. "नमस्कार सुरेखाताई. आपण तांबी बसवून घेतल्याला तीन महिने होत आहेत. कृपया तपासणी करून घ्या."

कोपीत पुढं काय झालं ते मला सांगितलं गेलं, पण ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी बबननं तिला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर बसवून स्टँडवर सोडलं. ती माहेरी आली. मुली त्याच्याकडेच राहिल्या.

सखीनं संस्थेला कळवलं. सरांचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. ते म्हणाले, "मॅडम, बायकांनी तर सांगितलं होतं ना, फोन आमच्याजवळ असतो म्हणून?"

इथं मी बोलू शकत होते. एक वाक्य होतं — सर, त्या बायका नव्हत्याच. मी म्हणाले, "हो, सगळ्यांनी सांगितलं होतं."

"मग हिनंच नवऱ्याचा नंबर का दिला?"

"दिला असेल," मी म्हणाले.

तेवढ्यावर मिटलं. संस्थेच्या कागदावर ती वापरणाऱ्याची चूक ठरली. ज्या नव्हत्या त्या वीस-बावीस जणी खऱ्या ठरल्या, आणि जी होती ती एकटी खोटी पडली.

मग सुरेखा माझ्या ऑफिसात आली. सखीनं पत्ता दिला होता. भाऊ खाली गाडीपाशी थांबला, ही जिना चढून वर. माझ्यापेक्षा उंच बाई. डोळ्याखाली पिवळं पडलेलं. मी खुर्ची दिली तर बसली नाही, आधी सगळीकडं बघून घेतलं, आणि म्हणाली, "ह्याच्यातूनच फोन गेला व्हय?" मी हो म्हणाले. ती कॉम्प्युटरकडं जरा वेळ बघत राहिली. चिडलेली नव्हती. एखादा बैल मारका आहे का हे बघावं तसं बघत होती.

तिला भरपाई नको होती, तक्रार करायची नव्हती. तिनं सगळं ठरवून आणलं होतं. रविवारी दोन्हीकडचे लोक बसणार होते, बबन टोळीवरून येणार होता. "ताई, तुमी फकस्त येवढं सांगा — मशीन चुकलं. दुसऱ्या कुन्या सुरेखाचा फोन हिकडं आला. येवढंच. तुमी शिकल्याल्या हाव, मशीन तुमचं हाय, तुमचं ऐकतेत ते. मी दवाखान्यात जाऊन ती तांबी काढून टाकते, कुनाला काय सापडनार न्हाई. माझ्या पोरी मला भेटतेत."

बघा, किती साधं होतं. एक खोटं. मी त्या वर्षात किती खोटं बोलले होते — बायका, त्यांची गावं, त्यांची हसणी. हिला एकच हवं होतं.

आणि मी काय विचार करत होते? की मशीन चुकलं म्हटलं तर संस्था विचारणार, कुठं चुकलं. मग नंबर कसे घेतले ते निघणार. मग मुलाखती निघणार. मग कुणीतरी म्हणणार, त्या कमलबाईला एकदा बोलवा हो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोन जिल्ह्यांचं काम मिळायचं होतं. मी सुरेखाला म्हणाले, बघते. चहा दिला. ती म्हणाली, "बघू नका ताई, सांगा." आणि खाली गेली.

रविवारी तिच्या भावाचा फोन आला. पलीकडं माणसांचा गलका, पोरगं कुठंतरी खोकत होतं. भाऊ म्हणाला, मॅडम, बोला, सगळे ऐकतेत. मग बबन बोलला. तो उद्धट असेल अशी मी तयारी केली होती. तो नव्हता. अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, ही म्हनती मशीन चुकलं. मला बी तसंच वाटावं असं वाटतंय. पोरीबी रडत्यात. तुमी सांगा, खरं काय हाय?"

त्याला बायको परत घ्यायची होती. हे मी अनेकदा मनाशी तपासून पाहिलं आहे, की माझा समज तर नाही? नाही. त्याच्या आवाजात ते होतं. चार माणसांत तोंड राहील असं एक कारण त्याला हवं होतं, आणि ते तो माझ्याकडं मागत होता.

मी म्हणाले, "आमच्याकडची नोंद बरोबर आहे."

 मग फोन बंद झाला.

पुढच्या हंगामाला मुकादमाला बबनचा कोयता पुरा हवा होता. अर्ध्या कोयत्याला कोण नेतं? त्यानं दुसरी केली. मोठीची शाळा सुटली. नवी बाई तोडायला, मोठी पोरगी मोळ्या बांधायला. धाकटी आजीकडं. सुरेखा भावाच्या घरी राहते, लोकांच्या कापसाला जाते. मुलींना तिला भेटू देत नाहीत.

मी काय केलं? ॲपमध्ये बाईच्या वेगळ्या नंबराची जागा टाकली. आवाजी फोनच्या आधी 'एकट्या आहात का' हा प्रश्न टाकला. कुणाला न सांगता. एका दुपारचं काम होतं. दुसरे दोन जिल्हे मिळाले, नंतर आणखी मिळाले. सरांच्या भाषणात कमलबाई अजून असते. परवा एका तरुण कंपनीवाल्यानं मला विचारलं, मॅडम, तुम्ही इतक्या लवकर लोकांच्या मनातलं कसं ओळखता? तो स्वतः काय करत असेल ते मला त्याच्याकडं बघूनच कळलं. आता कुणीच जात नाही. सगळ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अशाच बायका बसलेल्या आहेत — तयार, समजूतदार, नाही न म्हणणाऱ्या. त्यांना विचारून वस्तू बनतात आणि दुसऱ्याच बायकांच्या हातात जातात. हे थांबेल असं मला वाटत नाही. मीही थांबवलेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात सुरेखा मला परळीच्या भाजी बाजारात भेटली. भावजयीबरोबर आली होती. मी दुसरीकडं वळणार होते, पण तिनंच हाक मारली. मला वाटलं, आता बोलेल, चार लोकांत बोलेल. मी तयार होते. खरं तर मला ते हवं होतं.

ती बोलली नाही. खुशाली विचारली. धाकटीला लांबून बघितलं म्हणाली, उंच झाली आहे. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि आवाज खाली करून म्हणाली, "ताई, लई दिवस इचारायचं व्हतं. त्यो नंबर सखीला मीच दिला आसंल का वो? मला आठवतच न्हाई. रातभर आठवती मी, पन आठवत न्हाई."

तिनं दिला नव्हता. तो मुकादमाच्या यादीतून आला होता, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हणाले, "तूच दिला असशील."

ती मान हलवत राहिली. "तसंच आसंल," म्हणाली. "माझ्याच हातनं झालं मग."

मी भाजी घेतली आणि घरी आले.